सव्वाअकरा फुटांची फीत

रेडिओ केंद्रात तिला सगळे ब्लेडबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे ब्लेडबाई. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही दिसत नव्हतं, कारण चौतीस वर्षं तिनं खरोखरच ब्लेडवर काढली होती. तिच्या चष्म्याच्या डबीत चष्मा कधीच नसे. दाढीचं अर्धं मोडलेलं पातं, पांढरी मेणपेन्सिल आणि चिकटपट्टीचं बोटभर रीळ, एवढंच. ध्वनिफीत तिरपी कापायची, दुसरी तिरपी कापायची, टोकाला टोक भिडवायचं, वरून पट्टी लावून नखानं घासायची. वक्त्याचा खोकला जायचा, पाहुण्याचं अडखळणं जायचं, गाणारीचा घसरलेला सूर जायचा, आणि ऐकणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नसे.

"ऐकू आला तर तो सांधा नव्हे, खड्डा," असं ती म्हणायची. या धंद्याचं दुर्दैव असं, की काम जितकं चांगलं तितकं ते केल्याचं कुणालाच कळत नाही. सुतारानं टेबल केलं तर टेबल तरी दिसतं. हिनं चौतीस वर्षं जे केलं त्यातलं काही दिसत नव्हतं, आणि तिचं नाव कुठल्याच कार्यक्रमाच्या शेवटी कुणी कधी घेतलं नाही. निवृत्तीच्या दिवशी संचालकांनी भाषण करून तिच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं, आणि त्या भाषणातलं 'अं... अं...' काढायला दुसऱ्या दिवशी तिलाच बोलावून घेतलं. तीही गेली. न जाऊन सांगते कुणाला?

घरी नवरा. त्याला ऐकायला कमी येई, दर वर्षी आणखी कमी. तिच्या कामातलं त्यानं काही ऐकलं नव्हतं आणि ऐकलं असतं तरी उपयोग नव्हता. "तू गेल्यावर केंद्र बंद पडलं का? नाही ना? मग जेव," एवढंच तो म्हणाला.

पण त्या चौतीस वर्षांतली एक गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्या गोष्टीचा नुसता विषय निघाला तरी तिचा हात आपोआप चष्म्याच्या डबीकडे जाई.

निवृत्तीच्या तेहतीस वर्षं आधी व्हायोलिनमास्तर केंद्राच्या दोन नंबरच्या स्टुडिओत वाजवायला आले. साठीचा माणूस, बोलायला तिखट, वाजवायला त्याहून तिखट. 'यंत्रापुढे वाजवणं म्हणजे भिंतीशी भांडणं' म्हणून त्यांनी आयुष्यभर केंद्राला वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. त्या वर्षी कसे कोण जाणे, कबूल झाले. अट अशी, की एकच रचना वाजवीन, मध्ये थांबणार नाही आणि दुसऱ्यांदा वाजवणार नाही. बहात्तर मिनिटं.

एका रिळावर जेमतेम बत्तीस मिनिटं मावत. म्हणून शेजारीशेजारी दोन यंत्रं ठेवायची. एकाचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, अर्धं मिनिट दोन्ही चालू ठेवायची, आणि नंतर सवडीनं ब्लेडनं जोडून टाकायचं. पहिली बदली नीट झाली. दुसऱ्या वेळी तिसरं रीळ चढवून तयार होतं, बोट बटणावर होतं, आणि बाई ऐकत बसली.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं ऐकायचं नसतं. आवाजाचा काटा बघायचा, रीळ बघायचं, घड्याळ बघायचं. ऐकायला पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. पण त्रेसष्टाव्या मिनिटाला मास्तरांनी काहीतरी असं वाजवलं, की तिचे डोळे मिटले. उघडले ते फट् फट् फट् अशा आवाजानं. दुसऱ्या यंत्रावरची फीत संपून तिचं सुटं टोक गरगर फिरत आपटत होतं. तिनं बटण दाबलं. काचेपलीकडे मास्तर वाजवतच होते. मधले नऊ सेकंद कुठंच नव्हते. पुढं तिनं त्यांच्या लयीवरून मोजून पाहिलं, बरोबर नऊ.

ती कायम होऊन चारच महिने झाले होते. सांगितलं असतं तर मास्तर उठून गेले असते, केंद्राची नाचक्की झाली असती आणि नोकरीही गेली असती. तिनं मूठ झाकली. एकोणिसाव्या मिनिटाला मास्तरांनी तशीच एक ओळ वाजवली होती. तिची नक्कल तिनं कोऱ्या फितीवर घेतली, नऊ सेकंदांची सव्वाअकरा फूट फीत मोजून कापली आणि त्या भोकात बसवली. तीन दिवस लागले. सांधे दोनच, पण असे, की तिचे तिलाच सापडेनात. आयुष्यातलं तिचं सगळ्यात चांगलं काम ते, आणि सगळ्यात खोटं.

आठवड्यानं मास्तर ऐकायला आले. डोळे मिटून बसले होते. त्रेसष्टाव्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले.

"पोरी, इथं माझा हात घसरला होता."

तिनं यंत्र थांबवलं.

"तू कापलंस."

आता बोलायला हवं होतं. 'मास्तर, मी नाही कापलं, माझ्याकडून राहिलं' एवढं एक वाक्य. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच वाळलं.

"चांगलं केलंस," मास्तर म्हणाले. "चूक कशाला लोकांना ऐकवायची." त्यांनी टोपी घेतली आणि गेले. पुढं केंद्रानं त्यांना तीनदा पत्र घातलं. 'हात आता पूर्वीसारखा राहिला नाही,' असं तिन्ही वेळा उत्तर आलं. वय झालं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

गंमत म्हणजे तोच तुकडा गाजला. शेवटाकडे ती जुनी ओळ फिरून येते, काय सुचलंय मास्तरांना, असं जाणकार मंडळी माना डोलवत म्हणत. ती शेजारी फीत गुंडाळत उभी असे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी केंद्रानं तिला पुन्हा बोलावलं, सहा महिन्यांच्या करारावर. जुन्या फिती संगणकात उतरवून, दाबून लहान केलेल्या फाइली करून, संकेतस्थळावर टाकायच्या होत्या. त्या खात्याचे साहेब वाहनविभागातून बदलून आले होते. त्यांना सगळे फाइलसाहेब म्हणत, कारण त्यांना जगातली कुठलीही गोष्ट फाइल झाल्याशिवाय दिसत नसे. माणूस वाईट नव्हता. पन्नाशी उलटलेला, कामसू, आणि कानाच्या बाबतीत पालथा घडा.

त्यांचा नियम होता, की सहा मिनिटांहून लांब फाइल नको. लोकांना धीर नसतो. मास्तरांच्या बहात्तर मिनिटांचे त्यांनी बारा तुकडे करून घेतले आणि ओळीनं लावून ऐकवले.

बाई पहिल्या सांध्यालाच दचकली.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"इथं खाच आहे."

"कुठं?"

"इथं. आवाज गेला आणि आला."

साहेबांनी पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. "बाई, तुम्हाला भास होतोय. मला काही सापडेना."

"सेकंदाचा विसावा भाग असेल."

"विसावा भाग!" साहेब खुर्चीत मागे टेकून हसले. "अहो, आमच्याकडे बस वीस मिनिटं उशिरा यायची, तरी लोक काही म्हणायचे नाहीत."

अकरा सांधे, अकरा खाचा. जन्मभर जे बुजवलं ते आता यंत्र आपणहून पाडत होतं. ती महिनाभर त्याच्या मागं लागली. कारण सापडलं ते इतकं साधं, की तिला रागच आला. आवाज दाबून लहान करणारी ही युक्ती त्याचे ठरावीक मापाचे डबे भरते. शेवटचा डबा पुरता भरला नाही, तर उरलेल्या जागेत शांतता कोंबते. शिवाय सुरुवातीला स्वतःच्या सोयीसाठी थोडी शांतता आधीच घालून ठेवते. मागच्या फाइलीचं शेपूट आणि पुढच्या फाइलीचं तोंड असे दोन रिकामे कोपरे एकत्र आले, की झाली खाच.

उपायही होता. आधी तुकडे पाडून ते वेगवेगळे दाबायचे नाहीत. सगळा आवाज सलग, एका दमात दाबायचा आणि डबा जिथं संपतो नेमकं तिथंच कापायचं. आरंभी आणि शेवटी किती शांतता भरतीची आहे ते फाइलीच्या कपाळावर लिहून ठेवायचं, आणि संकेतस्थळावरच्या वाजवणाऱ्या यंत्रणेला ते वाचून तेवढं गाळायला लावायचं. ब्लेड नव्हतं, पण कापायचं कुठं हा प्रश्न तोच होता. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याशी फोनवर भांडून भांडून तिनं ते करून घेतलं. एके दुपारी बाराही तुकडे सलग वाजले. खाच कुठंच नाही. आपला चेहरा साहेबांना दिसू नये म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

साहेबांच्या कानाला फरक कळला नाही, पण कागदावर कळला. 'विनाखंड' हा शब्द त्यांना फार आवडला. त्यांनी वर अहवाल पाठवला, वरून शाबासकी आली, आणि साहेबांच्या अंगात संचारलंच. सगळ्या संग्रहातली प्रत्येक खाच काढायची, असा त्यांनी हुकूम काढला. बाईकडून त्यांनी एक वही लिहून घेतली. पुढच्या पानांवर फाइली कशा करायच्या त्या पायऱ्या. मागच्या पानांवर दोषांची यादी: कुठल्या मुद्रणात, कितव्या मिनिटाला, किती लांबीची शांतता. काढली, की साहेब लाल पेनानं फुली मारायचे. लाल फुल्या मारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे.

करार संपायला दहा दिवस उरले असताना मास्तरांची मुलगी आली. साठीची बाई, वडिलांचीच हनुवटी. ब्लेडबाईच्या टेबलासमोर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "बाबांनी सांगितलेली ती पोरगी तुम्हीच ना?"

"काय सांगितलं होतं?"

"केंद्रावर एक पोरगी आहे, तिनं माझी चूक कापली म्हणून. रागानं नाही हो सांगायचे. म्हणायचे, त्या पोरीचा कान खरा आहे. तिला जे ऐकवेना, ते मी लोकांपुढं कुठल्या तोंडानं वाजवू? त्यानंतर त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. अकरा वर्षं जगले. पेटी कपाटावर होती, आम्हाला धूळसुद्धा पुसू द्यायचे नाहीत."

ब्लेडबाईचा हात डबीवर गेला.

"मी एवढ्यासाठीच आले," मुलगी पुढं म्हणाली. "तुम्ही लोक कापलेले तुकडे टाकत नाही, ठेवून देता, असं ऐकलंय. तो तुकडा असेल ना कुठं? ती चूक मला ऐकायचीय. हे जे रेकॉर्ड झालंय ते सगळं बिनचूक आहे, ते सगळ्यांचे मास्तर आहेत. चुकायचे ते फक्त घरी. चुकले की स्वतःवरच चिडायचे, मग हसायचे. ते मला परत ऐकायचंय. एकदाच."

बाईनं डबी बाजूला सारली.

"तुकडा नाहीये."

"टाकलात?"

"नव्हताच कधी. मी काही कापलं नाही ताई. दुसरं यंत्र वेळेवर लावायचं राहिलं माझ्याकडून. नऊ सेकंद गेले. तिथं मी त्यांचीच आधीची ओळ आणून चिकटवली. त्यांना वाटलं मी चूक काढली. मी वाटू दिलं."

"म्हणजे त्यांची चूक तुम्ही ऐकलीच नाहीत?"

"ऐकली असणार. मी ऐकतच बसले होते, म्हणून तर बटण राहिलं. पण मला ती चूक वाटलीच नाही. इतकं सुंदर मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही."

"हे तुम्ही त्यांना सांगितलं असतंत तर."

तो प्रश्न नव्हता. तरी बाईनं उत्तर दिलं. "नोकरी गेली असती."

"जाऊ द्यायची होतीत."

पस्तीस वर्षांनी आलेलं सत्य म्हणजे वरातीमागून घोडं. मुलगी उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "ते उसने नऊ सेकंद काढून टाका. तिथं रिकामं ठेवा. काहीतरी होतं आणि गेलं, एवढं तरी लोकांना कळू दे. नाहीतर मला तुमचं काहीच ऐकायचं नाही."

"ठेवते," बाई म्हणाली. "शब्द देते."

आणि तिनं शब्द पाळला. जन्मात पहिल्यांदा तिनं सांधा उसवला. ती गाजलेली ओळ काढली आणि तिच्या जागी नऊ सेकंद काही ठेवलं नाही. मग सगळं पुन्हा सलग दाबलं, बारा फाइली केल्या, ऐकलं. त्रेसष्टाव्या मिनिटाला मास्तर थांबले. एक, दोन, तीन... नऊपर्यंत तिनं बोटांवर मोजलं. मग ते पुन्हा सुरू झाले. तिला वाटलं, आज हे खरं झालं. त्या संध्याकाळी ती बरी जेवली.

शेवटच्या दिवशी तिनं वही पूर्ण करून साहेबांच्या हातात दिली. चूक झाली ती इथं. शांतता कुठं लिहायची याची तिला चौतीस वर्षांत एकच जागा माहीत झाली होती. हाताच्या सवयीनं तिनं ती मागच्या पानावर, दोषांच्या यादीत लिहिली. मास्तर, त्रेसष्टावं मिनिट, नऊ सेकंद. साहेबांना तोंडी सांगावं, असं मनात आलं होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि दहा दिवसांत दोनदा कबुली देण्याइतकी छाती तिला नव्हती. पुन्हा झाकली मूठ.

पंधरा दिवसांनी संकेतस्थळ सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मास्तरांची मुलगी बोलतेय. ऐकलं मी. नऊ सेकंद कुठं आहेत?"

"आहेत ना, त्रेसष्टाव्या..."

"काही नाहीये तिथं. एक धक्का बसतो आणि पुढं जातं. परत झाकलंत ना?"

फोन बंद झाला. तिनं लगेच साहेबांना लावला. साहेब खुशीत होते.

"बाई! शंभर ग्रंथालयांना प्रती गेल्या! आणि हो, तुमच्या यादीतली एक राहिली होती, मास्तरांची. नऊ सेकंदांची, केवढी मोठी! तुमच्या हातून काढायची कशी राहिली म्हणतो मी. मीच काढली. तुमच्याच पायऱ्या वाचून, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं. आता शोधून दाखवा सांधा!"

"साहेब, ती ठेवायची होती."

"ठेवायची? शांतता?" साहेब हसले, मग गंभीर झाले. "अहो, मग दोषांच्या पानावर कशाला लिहिलीत? आता बदल म्हणजे नवा प्रस्ताव, वरची मंजुरी. तुम्ही आता करारावरही नाही. राहू द्या हो. कुणाला कळतंय?"

तिनं फोन ठेवला. स्वतःला काय समजावावं, हेही तिला आता सुचेना. ज्याला कानच नाही त्याला शहाणं करून सोडलं तेही तिनंच, आणि यादीत लिहिलं तेही तिनंच. दोष तरी कुणाला द्यायचा?

नवऱ्यानं संगणक उघडला होता. फोनवरचं त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. "अगं, इकडे ये! तुझं नाव आलंय! पूर्ण, आडनावासकट!" मास्तरांच्या तसबिरीखाली खरंच छापलं होतं: सांधणी, आणि पुढं तिचं नाव. साहेबांनी घातलं असणार, चांगल्या मनानं.

"लाव की," नवरा म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी ऐकतो तुझं काम."

तिनं नको म्हटलं. त्यानं स्वतःच लावलं, आवाज पुरता वर नेला आणि कान पडद्याला लावून बसला. तास उलटला तरी हटला नाही. दहा सांधे गेले, त्याला एकही कळला नाही. बाई पाठीमागं भिंतीला टेकून उभी होती, मिनिटं मोजत.

त्रेसष्टाव्या मिनिटाला नवऱ्यानं मान वर केली.

"हे इथं काय गं अडखळलं?"